अर्ज लिहिणारे दादाजी

(केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया इथे आजोबांच्या चाळीसाव्यानंतर झालेल्या स्मरणसभेत त्यांच्या नातीने केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

अस्सलामु अलैकुम. नमस्कार. जय भीम. जय सेवा.

दादाजी समोरचा माणूस पाहून यातलं एक म्हणायचे. आज सगळेच समोर आहेत, म्हणून मी चारही म्हटलं.

चाळीस दिवसांत आमच्या घरी खूप लोक येऊन गेले. खेड्यापाड्यांतून आले, गोठणगावहून आले, नवेगावबांधहून आले. घरात जागा नव्हती तेव्हा अंगणात ताडपत्रीवर बसले. ज्यांना येता आलं नाही त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. त्यांचे सगळ्यांचे आभार. त्यातलं एक वाक्य मात्र मला पुन्हा पुन्हा दिसलं, थोड्या फार फरकाने: ‘असे मुसलमान असतील तर काही प्रश्नच राहणार नाही.’

लिहिणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या तरुण पोरांनीही तेच वाक्य स्टेटसला ठेवलं. दादाजींचा फोटो, मागे तिरंगा, खाली हे वाक्य. जणू ते आपलं चारित्र्याचं प्रमाणपत्र होते आणि आता आपण ते दाखवत फिरायचं आहे. आज मला यावरच बोलायचं आहे. कारण दादाजींनी जन्मभर दुसऱ्यांची प्रमाणपत्रं काढून दिली, पण स्वतः कधी कोणाचं प्रमाणपत्र झाले नाहीत.

तरुण मुलांना ते फक्त म्हातारे दिसले, म्हणून थोडं आयुष्य सांगते.

शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख 1 जुलै 1938 आहे. म्हणजे मास्तरांनी लावलेली. आपल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जुलैलाच असतो. ते जन्मले तेव्हा हा मुलूख मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता. 1950 ला तो मध्य प्रदेश झाला. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. तहसील आधी साकोली होती, मग अर्जुनी मोरगाव झाली. जिल्हा भंडारा होता, 1 मे 1999 पासून गोंदिया झाला. दादाजी म्हणायचे, “मैं तो खाट पे से हिला नहीं, पत्ताच बदलता गया.” त्यांच्या ट्रंकेत या प्रत्येक काळाचा एक तरी कागद आहे. ज्या माणसाचं घर एकाच गल्लीत राहिलं, त्याच्याकडे इतक्या सरकारांचे शिक्के. तुम्ही इथले कधीपासून, असं कोणी विचारलं तर ते चिडायचे नाहीत. “कौन से राज्य का हिसाब देऊं?” असं उलट विचारायचे, आणि समोरचा हसायचा.

धंद्याने शिंपी. दुकानात एक मशीन, बाजाराच्या दिवशी बाजारात दुसरी. गाव त्यांना मास्तरचाचा म्हणायचं. सातवीपर्यंतची मराठी शाळा, पण अक्षर मोत्यासारखं. त्या काळात लिहिता येणारी माणसं मोजकीच होती. त्यामुळे सुरुवात मनिऑर्डरच्या फॉर्मपासून झाली. मग पोरगं परगावी गेलेल्या आईचं पत्र. मग रेशनकार्ड. मग विहिरीचा अर्ज, हातपंपाचा अर्ज, रस्त्याचा अर्ज. शेवटी शेवटी कपडे शिवायला येणारे कमी आणि अर्ज लिहायला येणारे जास्त, अशी दुकानाची हालत होती. दादी म्हणायची, मशीनला गंज चढतो आणि पेनाची रिफील संपते.

पैसे घ्यायचे नाहीत. लोक मग मिरच्या आणून द्यायचे. केशोरीची मिरची नावाजलेली, तिचा तिखटपणा मी सांगायला नको. आमच्या घरात वर्षभराची मिरची कधी विकत आणली गेली नाही. कोणी मोहफूल आणायचं, कोणी बोडीतली मासळी, कोणी नवा तांदूळ. हीच त्यांची फी.

आता ते काम कसं करायचे ते सांगते, कारण ते शिकता येतं. माणूस भला असणं शिकवता येत नाही. अर्ज लिहिणं शिकवता येतं.

पहिली गोष्ट, ते आधी ऐकून घ्यायचे. माणूस रागात येतो, दहा गोष्टी सांगतो. ते विचारायचे, “मागायचं काय आहे?” एका अर्जात एकच मागणी. दुसरी गोष्ट, हे काम कोणत्या टेबलाचं आहे ते शोधायचं. पंचायत समितीचं काम तहसीलला मागितलं तर महिना वाया जातो. तिसरी, तारीख. केव्हापासून हातपंप बंद आहे, कोणत्या तारखेला आधी सांगितलं होतं. ‘बऱ्याच दिवसांपासून’ हे शब्द ते लिहू देत नसत. चौथी, दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेऊनच उठायचं. पोच घेतल्याशिवाय कोणी परत आलं तर ते त्याला पुन्हा पाठवायचे. गोंदियाला जायचं तर दिवस मोडायचा, बसचं भाडं लागायचं, तरी पाठवायचे. “बेटा, कागज पे नहीं आया तो हुआच नहीं.”

2005 मध्ये माहितीचा अधिकार आला तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं. त्यांनी तो कायदा बसून शिकून घेतला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर. पुढे 2012 च्या नियमांत महाराष्ट्राने सांगितलं की अर्ज साधारण दीडशे शब्दांत हवा. लोकांनी त्यावर नाराजी केली. दादाजींना तो नियम शिंप्यासारखा वाटला. म्हणाले, कापड कमी असलं की कटिंग नीट होते. 2015 मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला. दाखला किती दिवसांत मिळायला हवा ते कार्यालयाने लिहून लावायचं आहे, हे त्यांनी लोकांना पाठ करून घ्यायला लावलं.

आणखी एक काम ते गुपचूप करायचे. मोहल्ल्यात कोणी गेलं तर ते जनाज्याला खांदा देत, मातीला मूठ देत, आणि मग त्या घरातल्या माणसाला घेऊन मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत जात. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्म आणि मृत्यू दोन्हीची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. दुःखात कोणाला आठवत नाही. नंतर विधवेला पेन्शनसाठी, पोरांना सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तोच दाखला लागतो, आणि उशीर झाला की चकरा सुरू होतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून नवीन दुरुस्ती लागू झाली. त्या तारखेनंतर जन्मलेल्या बाळाला शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला. तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा हा माणूस काठी टेकत घरोघर गेला आणि विचारून आला, “बच्चे का नाम चढ़ाया क्या?” फक्त आपल्या मोहल्ल्यात नाही. गोंडांच्या टोलीवर, बौद्धवाड्यात, ढिवरांच्या घरी.

आता वनहक्काची गोष्ट. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम.

आपल्या भागात शेती म्हणजे धान, आणि धान म्हणजे तलाव. कोहळी पाटलांच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव मालगुजारांकडे होते. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि ते सरकारकडे आले. आजही आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारी तलाव. शेतीचं असं, आणि उरलेलं अर्धं पोट जंगलावर. मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू, सरपण. उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर पुडे मोजून दिले की पावसाळ्याचा किराणा निघायचा. पण ज्या जमिनीवर माणसं तीन पिढ्या धान रोवत होती, ती कागदावर जंगल होती. कागदावर ती माणसं अतिक्रमणदार होती.

2006 चा वनहक्क कायदा आला. त्यात आदिवासींसाठी कसोटी अशी, की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असायला हवी. बिगर आदिवासींसाठी आणखी कठीण. त्या तारखेआधी तीन पिढ्या इथे राहून जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवायचं, आणि एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षं. पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा! दलित, ढिवर, कोहळी, मुसलमान, सगळ्यांना सारखाच. ज्याच्या आजाला अंगठा देता येत होता, सही नाही, त्याने 1930 चा कागद कुठून आणायचा?

या कायद्याच्या नियमांत एक ओळ आहे, आणि दादाजींना ती सापडली. पुराव्यांच्या यादीत जनगणना आहे, मतदार यादी आहे, जुने नकाशे आहेत. त्याच यादीत असंही आहे, की दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं आणि लेखी उतरवलेलं म्हणणं हाही पुरावा. नुसत्या त्यावर भागत नाही, एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. पण म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला कायद्याने जागा दिली. दादाजींनी ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “पहली बार बुढापा काम आया.”

त्यांनी स्वतःसाठी दावा केला नाही. त्यांची जमीनच नव्हती. पण गावोगावचे म्हातारे-म्हाताऱ्या त्यांनी बोलत्या केल्या. कोणत्या सालच्या दुष्काळात कोण कुठे राहत होतं. कोणत्या बांध्या कोणी काढल्या. कोणतं मोहाचं झाड कोणाच्या वाट्याचं. इटियाडोह धरणाआधी पायवाट कुठून जायची. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मग सही किंवा अंगठा. हलबी, गोंडी, झाडीबोली, बोलणारा जसा बोलला तसं समजून घेऊन सोप्या मराठीत. स्वतःचंही म्हणणं त्यांनी वडीलधारा म्हणून लिहून दिलं.

एका ग्रामसभेत वाद झाला. कोणी म्हणालं की अमुक टोली साठ साली नव्हतीच, हे लोक मागाहून आले. दादाजी घरी गेले आणि मापाची जुनी वही घेऊन आले. शिंप्याची वही. त्यात गिऱ्हाइकाचं नाव, टोलीचं नाव, सदऱ्याचं माप आणि तारीख. 1961 च्या लग्नसराईतली पानं. त्या टोलीतल्या सात माणसांच्या छात्या आणि बाह्या तिथे लिहिलेल्या होत्या. ज्यांची मापं होती त्यांचे नातू त्या सभेत बसले होते. वरच्या कार्यालयाने त्या वहीला किती किंमत दिली माहीत नाही, पण ग्रामसभेतला वाद तिथेच मिटला.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या हक्कांपैकी तो एक. दादाजी त्याची बातमी कात्रण करून खिशात ठेवायचे आणि हिंमत सोडणाऱ्याला दाखवायचे. आपल्याकडचे सगळे दावे मंजूर झाले असं मी म्हणणार नाही. काही झाले, काही अडकले, काही नाकारले गेले. त्यांच्या ट्रंकेत अजून अकरा फायली आहेत ज्यांचा निकाल लागलेला नाही. ते गेल्यावर मी त्या मोजल्या.

म्हणून मी म्हणते की त्यांना ‘चांगला मुसलमान’ या चौकटीत बसवू नका. त्यांनी या देशावर प्रेम असल्याचं कोणाला सिद्ध करून दाखवलं नाही. त्यांनी या देशाचे कायदे वापरले. ग्रामसभेत बसणं, पोच मागणं, माहिती मागणं, साक्ष देणं. नागरिक हेच करतो. ते पाच वेळा नमाज पढायचे आणि मडईत झाडीपट्टीचं नाटक लागलं की पुढच्या रांगेत बसायचे. 1972 मध्ये गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत झाली तेव्हा त्या नव्या शेजाऱ्यांचे कपडेही त्यांनी शिवले. त्यांना यातलं काहीही कोणाला दाखवण्यासाठी करावं लागलं नाही. आपल्यालाही लागू नये.

आता एक अवघड गोष्ट. ती सांगायला मी बडी फुफीची परवानगी घेतली आहे. ती तिथे बसली आहे.

फुफी दहावी झाली तेव्हा पुढचं शिक्षण गावाबाहेर होतं. दादाजींनी तिचं लग्न लावून दिलं. गावातल्या कितीतरी मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज ज्या हाताने लिहिले, त्या हाताने घरातल्या मुलीचा अर्ज लिहिला नाही. पुष्कळ वर्षांनी मी बारावी झाले आणि नागपूरला जायचं ठरलं तेव्हा दादाजी माझा वसतिगृहाचा फॉर्म भरत होते. फुफी चहा घेऊन आली, फॉर्मकडे पाहिलं आणि म्हणाली, “अब्बा, मेरा अर्ज किसी ने नहीं लिखा.” दादाजींनी पेन खाली ठेवलं. खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गलती हुई.” एवढंच. सफाई दिली नाही, जमाना तसा होता वगैरे म्हणाले नाहीत.

त्यानंतर त्यांच्यात एक बदल झाला. बाई अर्ज घेऊन आली की ते तिला पेन द्यायचे. अंगठा चालणार नाही, सही शिका. आठ दिवस लागोत. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे ते मोहल्ल्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचे. फुफी पहिल्यांदा त्या सभेला गेली तेव्हा तिचं वय पन्नासच्या पुढे होतं. आज त्या सभेत ती उभी राहून बोलते. झालेलं भरून आलं असं ती म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण मोठ्या माणसाची आठवण काढताना त्याने कुठे कमी केलं ते झाकलं, तर आपण तीच कमी पुढे चालवतो. आजही आपल्या किती घरांत मुलाच्या कोचिंगची फी निघते आणि मुलीच्या बसचं भाडं निघत नाही, ते प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन मोजावं.

तरुण मित्रमैत्रिणींनो, आता तुमच्याशी बोलते.

फातिमा शेख यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. सावित्रीबाईंच्या सोबतीने काम करणारी मुसलमान बाई. पण त्यांच्याविषयी त्या काळचा लेखी पुरावा शोधायला गेलं तर काय हाती लागतं? 10 ऑक्टोबर 1856 ला सावित्रीबाईंनी आजारपणात नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र, आणि त्यात फातिमाला आपल्यामागे त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख. एवढ्यावर आज लोक वाद घालतात की ती होती की नव्हती. तिच्या घरच्यांनी, तिच्या विद्यार्थिनींनी चार पानं लिहून ठेवली असती तर? उलट सय्यदभाईंचं पाहा. पुण्यात कारखान्यात काम करणारा माणूस, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा कार्यकर्ता. त्यांनी ‘दगडावरची पेरणी’ हे आत्मकथन लिहिलं. 2022 मध्ये ते गेले, पण त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत उरलं. पटो न पटो, वाचता येतं, वाद घालता येतो.

दादाजींनी शेकडो लोकांचं लिहून घेतलं. त्यांचं स्वतःचं फारसं कोणी लिहून घेतलं नाही. जे आहे ते त्यांच्या अर्जांच्या दुसऱ्या प्रतींत आहे. म्हणून माझी पहिली विनंती: तुमच्या घरात जो कोणी सत्तरच्या पुढचा आहे, त्याच्याजवळ या आठवड्यात बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण तेवढ्यावर सोडू नका, मोबाइल हरवतो. वहीत उतरवा, तारीख टाका, त्यांना वाचून दाखवा. मोठे प्रश्न विचारू नका. शाळेचं नाव काय होतं, शेजारी कोण होतं, पहिली मजुरी किती मिळाली, नदीला पूर आला तेव्हा कुठे गेलात, असं विचारा. आजीला आधी विचारा. तिला कोणीच विचारत नाही.

दुसरी विनंती: घरातले कागद एकदा पाहा. जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, मृत्यूच्या नोंदी. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं. शेख कुठे आधी, कुठे शेवटी, कुठे गायब. हे घाबरून करायचं काम नाही. वेळ असताना, शांतपणे करायचं काम आहे.

तिसरी: त्या अकरा फायली. त्यांतले दावेदार आज इथे आहेत. त्यांतले दोघेच आपल्या मोहल्ल्यातले, बाकीचे नऊ नाहीत. मी नागपूरला नोकरी करते, महिन्यातून एकदाच येऊ शकते. मला चार जण हवेत, त्यांतल्या दोन मुली. वाचता-लिहिता येणं आणि पोच घेतल्याशिवाय परत न येणं, एवढीच अट. दुकानाची चावी दादीकडे आहे. दुकान बंद करायचं नाही, असं आम्ही घरात ठरवलं आहे. बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते दोन ते उघडं राहील. फी जुनीच. मिरची चालेल.

आणि तो फोटो स्टेटसला ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, चांगला फोटो आहे. फक्त खालचं वाक्य बदला. ‘आमच्या गावचे शिंपी, अर्ज लिहायचे’, असं लिहा. त्यांना ते पुरेसं वाटलं असतं.

अल्लाह त्यांची मगफिरत करो.